तारेखालचा जीव

सतराव्या 'पावलां'पाशी ती आली, थांबली, मान तिरकी करून ऐकलं, आणि सरळ पुढे निघून गेली.

"हीसुद्धा गेली, उल्काताई," कस्तुरी म्हणाली.

"दिसतंय मला." डॉ. उल्का पारसनीसांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. "तू बस बघू एका जागी. येरझारा घालून कुणाचं पिल्लू कुणाला मिळालेलं नाही अजून."

पण एका जागी बसणं कस्तुरी सुतारला कधी जमलं होतं? हिच्या पायाला भिंगरी आहे असं मिरजेतली सगळी गल्ली म्हणायची, आणि ती भिंगरी फिरत फिरत तिला थेट पृथ्वीच्या बुडाशी घेऊन आली होती. दोन हजार त्रेचाळीस सालचा ऑगस्ट चालू होता. उणे एकतीस तापमान, दिवसाला जेमतेम पाच तास उजेड, आणि समोर गोठलेल्या समुद्रावर चार हजार सम्राट पेंग्विन.

आत्ता निघून गेली ती त्यांच्यातली एक मादी. छातीवर आडवा जुना ओरखडा, त्यामुळे लांबूनही ओळखू यायची. मे महिन्यात तिनं अंडं घातलं, ते नराच्या पायांवर सोपवलं आणि ती समुद्रावर खायला गेली. एरवी या माद्या जुलैत परततात. यंदा एखाद्या तालुक्याएवढा हिमनग त्यांच्या वाटेत येऊन रुतला, आणि त्याला वळसा घालता घालता तीन आठवडे जास्त गेले. इकडे नरांच्या पायांवर अंडं आणि चार महिने पोटात कण नाही. त्यांतल्या एकेचाळीस जणांच्या अंगातली चरबी संपली आणि त्यांनी अंडं टाकून समुद्राची वाट धरली. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. ते थांबले असते तर तेही मेले असते आणि अंडंही.

ती एकेचाळीस अंडी 'पावलांनी' उचलली. हे नाव कस्तुरीनंच ठेवलेलं. गुडघ्याएवढ्या उंचीचं, बर्फावर सरपटत जाणारं यंत्र. पुढे दोन रुंद उबदार पाय आणि त्यांवर लोंबणारी मऊ पिसांची घडी. बापानं अंडं सोडलं की मिनिटाच्या आत ते पायांवर घ्यायचं आणि घडीखाली झाकायचं. आत छत्तीस अंश ऊब, पिल्लू बाहेर आलं की नळीतून माशांची पेज. मिरजेतल्या म्हाताऱ्या पाटावर बसून, पाय लांब करून तान्ह्याला पायावर घेतात तसंच काहीसं.

एकेचाळीस अंड्यांतून एकेचाळीस पिल्लं निघाली. दिल्लीहून अभिनंदनाचे निरोप आले. आणि मग आया परतल्या, आणि एकही आई एकाही पिल्लाला घेईना. आज चौथा दिवस होता. आणखी तीन-चार दिवस हिंडून, पोटातले मासे तसेच घेऊन त्या समुद्राकडे परत गेल्या असत्या. पेजेवर पिल्लू फार तर महिनाभर तगतं. पोहणं, मासे धरणं या गोष्टी नळी शिकवत नाही.

आयांना बोलावण्याचं काम यंत्रातल्या आवाजाचं होतं, आणि तो आवाज कस्तुरीनं घडवला होता.

*

जानेवारीत ती इथे उतरली तेव्हा उल्काताईंनी तिला तळामागच्या खडकांवर नेलं होतं. तिथे ॲडेली जातीच्या पेंग्विनांची वसाहत होती. खड्यांची घरटी, एकाला लागून एक, आणि अखंड भांडण. एक नर शेजाऱ्याची पाठ वळायची वाट बघत उभा होता. पाठ वळल्याबरोबर त्यानं त्याचा एक खडा चोचीत धरला, तुरुतुरु घरी आणला आणि बायकोपुढे वाकून ठेवला. तोवर शेजाऱ्यानं त्याच्या घरट्यातले दोन नेले होते.

"खडे कशाला?" कस्तुरीनं विचारलं.

"बर्फ वितळला की पाणी वाहतं. अंडं ओलं झालं की संपलं. म्हणून हा एवढासा चौथरा." उल्काताईंनी आयुष्याची तीस वर्षं पेंग्विनांमागे घालवली होती आणि माणसांशी त्या जरा चिडूनच बोलत. "यांचा सातबारा पक्का असतो. तरुणपणी मी एक घरटं पिल्लासकट दोन हात बाजूला सरकवलं होतं, नुसतं बघायला. बाप समुद्रावरून आला आणि रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला. पिल्लू दोन हातांवर बोंबलत होतं. याचा पत्ता म्हणजे ती जागा. मला इतकी लाज वाटली, पुन्हा जागेवर ठेवलं."

मग त्या चालता चालता बाकीच्यांची गोष्ट सांगत गेल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन पूर्वी समुद्रपक्ष्यांच्या शिटेच्या जाड थरात बिळं खणायचे. माणसांनी ती शीट खत म्हणून खरवडून नेली, पेंग्विन उघड्यावर पडले, मग माणसांनीच त्यांच्यासाठी पेट्या बनवल्या. सुरुवातीच्या काही पेट्या उन्हात अशा तापायच्या की पक्षी आत राहीनात. न्यूझीलंडकडचे काही रानात शिरून झाडांच्या मुळांखाली घर करतात. कुणी गवत अंथरतं, कुणी झुडपाखाली माती उकरतं.

"आणि सम्राट?"

"यांना खडा नाही, माती नाही, झाड नाही. खाली नुसता गोठलेला समुद्र, तोही कधी हलेल सांगता येत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, यांचं पायावर. अंडं घेऊन दिवसभर सरकत असतात. आज इथे उभा असलेला बाप उद्या अर्धा फर्लांग पलीकडे. दोन महिन्यांनी बायको आली तर तिनं त्याला शोधायचं कुठे, चार हजारांत, सगळे एकाच छापाचे?"

"आवाजावरून," कस्तुरी म्हणाली.

"म्हणून तुला बोलावलंय. घरटं बांधणारे इंजिनिअर मला पुष्कळ मिळाले असते. यांचं घरटं आवाजाचं असतं."

कस्तुरीचा धंदाच आवाजाचा होता. पुण्यात ती ज्या कंपनीत काम करायची तिथे माणसाचं नऊ मिनिटांचं बोलणं घेऊन त्याचा आवाज तयार व्हायचा. त्याच्याच स्वरात बोलणारा, समोरच्याचं ऐकून उत्तर देणारा. सीमेवरचे जवान, बोटीवरचे खलाशी, परगावी नोकरी करणाऱ्या आया, सगळे तो घरी ठेवून जात. हल्ली लोक कुलूप लावून निघावं इतक्या सहज आवाज ठेवून निघतात. एप्रिल-मे महिन्यांत सम्राटांच्या जोड्या समोरासमोर उभ्या राहून एकमेकांचा आवाज पाठ करत होत्या, तेव्हा कस्तुरीनं बर्फात माइक पुरून ते सगळं टिपलं. अंडं सोडून गेलेल्या प्रत्येक बापाचा आवाज त्याच्या पिल्लाच्या यंत्रात घातला. आई हाक मारेल, यंत्र बापाच्या आवाजात ओ देईल, आई येईल. कागदावर खोट काढायला जागा नव्हती.

*

मिरजेत रविवारी सकाळचे नऊ वाजले होते. पडद्यावर कौस्तुभ दिसला, खांद्यावर पंचा, हातात भाताची वाटी. कस्तुरीचा नवरा तंत्रनिकेतनात शिकवायचा, आणि ती गेल्यापासून जुईला घेऊन आप्पांच्या, म्हणजे कस्तुरीच्या वडिलांच्या शेजारीच बिऱ्हाड करून राहिला होता.

"ही बघ, तुझी लेक. आज भात नको म्हणते."

जुई सोळा महिन्यांची होती. कस्तुरी निघाली तेव्हा नऊ महिन्यांची.

"ख्खं," कस्तुरीनं घसा साफ केला. ही तिची लहानपणापासूनची खोड. बोलायच्या आधी एकदा खाकरल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नसे. त्यात आज सर्दीनं आवाज फाटलेला. "जुई! ए जुयू, इकडे बघ, आई बघ."

जुईनं बघितलं. ओठ फुटलेली, नाक लाल झालेली, घोगरी बाई. तिचा खालचा ओठ पुढे आला. ती उठली आणि डुलत डुलत कोपऱ्यातल्या नारळाएवढ्या गोल पेटीकडे गेली. घरात तिला आईपेटी म्हणत. आप्पा नुसतंच पेटी म्हणत, आणि तंबोरे बनवणाऱ्याच्या तोंडी पेटी, म्हणजे ठोकळ सुरांचं हार्मोनियम, हा काही कौतुकाचा शब्द नव्हे.

"काय झालं माझ्या बाळाला?" पेटी म्हणाली. कस्तुरीच्याच आवाजात, पण कसा आवाज! स्वच्छ, गोड, ना सर्दी ना खाकरणं. जुईनं पेटीला गाल लावला आणि हसली.

कौस्तुभही हसला. "अगं, तुझ्याच आवाजाकडे गेली ना? मग झालं तर."

झालं तर खरं. निघायच्या आधी आठवडाभर बसून, नऊ मिनिटांऐवजी तासन्तास बोलून, तिनंच तो आवाज बनवला होता. आपलं लेकरू, मग हयगय कशाला! पोत उत्तम, स्वर पक्का, आणि तीनशे बारा वेळा आलेलं खाकरणं एक एक करून काढून टाकलेलं. आपणच आपली सवत घरात आणून बसवावी तसं झालं, आणि सवतीचा राग करावा तर ती आपल्यापेक्षा चांगली निघाली.

कौस्तुभ जुईला तोंड पुसायला घेऊन गेला आणि पडद्यावर आप्पा आले. वयानं सत्तरी ओलांडलेली, चष्मा कपाळावर, बोटांना लाखेचा रंग. पन्नास वर्षं ते तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तार भरून गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून बसवत होते.

"का गं, तोंड का उतरलंय?"

"आप्पा, माझे पेंग्विन येईनात."

"आईकीव मला," आप्पा म्हणाले. "काय हाक मारायलीस त्यास्नी, बघू तर."

तिनं सतराव्या यंत्राचा आवाज लावला. आप्पांनी डोळे मिटून ऐकला. मग चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू आवाज त्यातून बरा दिसणार होता.

"मेलंय की गं हे."

"काय?"

"आवाज. जीव काढून घेतलायस तू ह्याचा."

जीव हा आप्पांच्या कामातला शब्द होता. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात, त्याला ते जीव म्हणत. केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आला की कोरडी टणटण करणारी तार एकदम भरून बोलायला लागते. लहानपणी कस्तुरी तो दोरा सरकवायला मागायची आणि आप्पा हातावर चापट मारायचे. तार घाण वाजतेय आप्पा, गुणगुणतेय, असं एकदा ती म्हणाली होती. ते अजून घरात चेष्टेला होतं.

"मूळचं हाय का तुझ्याकडं? न धुतलेलं?"

होतं. तिनं लावलं. वारा, बर्फाची कुरकूर, आणि मधून ती हाक. आप्पांनी ती पुन्हा एकदा लावायला सांगितली.

"ह्यात दोघं हायत."

"एकच आहे आप्पा. एकच पक्षी."

"आसंल. पर गळं दोन हायत. जोडाच्या दोन तारा, एक केसभर उतरलेली. दोन्ही मिळून कसं थरथर करायलंय, आईकलंस का? तुझ्या धुतलेल्यात दोन्ही तारा हायत, थरथर न्हाई. तू त्यास्नी सुरात लावून टाकलंयस, पोरी. जवारीवाल्याची लेक तू. तुला कळू नये?"

कस्तुरीनं फोन ठेवला आणि दोन्ही आवाज एकापाठोपाठ एक पुन्हा लावले.

*

दोन गळे ही गोष्ट नवी नव्हती. पक्ष्याचं स्वरयंत्र श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे असतं, आणि सम्राट पेंग्विन त्या दोन्ही फाट्यांतून एकाच वेळी दोन वेगळे सूर काढतो. सूर जवळजवळचे, पण एक नव्हेत. असे दोन सूर एकत्र वाजले की आवाज ठरावीक गतीनं मोठा आणि लहान होत राहतो. ही थरथर प्रत्येक पक्ष्याची वेगळी. वाऱ्यात आणि हजारोंच्या गर्दीत सूर विरून जातात, थरथर पोहोचते. ॲडेलीला याची गरज नाही, त्याला जागा आहे. ज्याला जागा नाही त्याच्या गळ्यातच पत्ता.

उल्काताईंना हे माहीत होतं. धुतलेल्या आवाजाच्या आलेखावरही दोन सुरांच्या दोन रेषा दिसत होत्या, म्हणून त्यांनाही शंका आली नाही. पण कस्तुरीचा प्रोग्राम माणसांच्या आवाजासाठी लिहिलेला. जवळजवळचे दोन सूर दिसले की तो त्यांच्यातलं अंतर गुमान पक्क्या सुरांच्या मापात बसवायचा. गिऱ्हाइकांना तेच लागायचं. आणि उरलेली थरथर वाऱ्याची समजून काढून टाकणारा हात प्रोग्रामचा नव्हता, कस्तुरीचाच होता. आवाज तिनं इतका निर्मळ केला की तो कुणाचाच राहिला नव्हता.

"एवढा पगार... पेंग्विनच्या आयांना चकवायला, आणि तेही जमेना," असं काहीतरी उल्काताई पुटपुटल्या, मग कस्तुरीचा चेहरा बघून थांबल्या. "किती वेळ लागेल?"

"प्रोग्राम बंद करते. हातानं करते. कानानं."

दोन दिवस ती खुर्चीवरून उठली नाही. पायाला भिंगरी असलेल्या बाईचे पाय टेबलाखाली सारखे हलत होते, पण ती उठली नाही. एकेका बापाचा मूळ आवाज घ्यायचा, वारा काढायचा, थरथर ठेवायची. जरा जास्त वारा निघाला की थरथर पातळ व्हायची, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फाइलला नवं नाव द्यायला लागलं तेव्हा तिनं नुसतं 'जीव' लिहिलं आणि पुढे आकडा.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर यंत्रं पुन्हा बोलायला लागली. अर्धा तास काहीच झालं नाही. मग नवव्या पावलांपुढून एक मादी गेली, चार हातांवर थांबली, आणि तिच्या मानेला झटका बसला. ती वळली. तिनं मान खाली घातली, छाती फुगवली आणि हाक दिली. यंत्रानं ओ दिली. ती पुन्हा म्हणाली. घडीखालून राखाडी डोकं बाहेर आलं, तिनं आपली घडी उचलली, आणि पिल्लू एका पायांवरून दुसऱ्या पायांवर गेलं. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल.

उल्काताईंनी दुर्बीण खाली ठेवली आणि हातमोज्यानं नाक पुसलं. "हं," म्हणाल्या. "लिहून घे वेळ."

दुपारपर्यंत अकरा झाली.

*

छातीवर ओरखडा असलेली मादी साडेबाराला आली. सतराव्या पावलांनी ओ दिली आणि ती धावलीच, म्हणजे सम्राट पेंग्विन जेवढं धावू शकतो तेवढी. यंत्रापुढे उभी राहिली, वाकली, घडी वर केली.

पिल्लू बाहेर येईना.

त्यानं डोकं काढलं, आईकडे बघितलं, आणि पुन्हा आत ओढून घेतलं. तिनं हाक दिली. आतून शीळ आली, पण पिल्लू हललं नाही. का हलावं? आत छत्तीस अंश, वारा नाही, नळी तोंडाशी. बाहेर उणे एकतीस आणि एक परकी बाई. तिनं चोचीनं घडी ढकलून बघितली. मग सरळ उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहायला लागली.

"जाईल ही," कस्तुरी म्हणाली. "पुन्हा जाईल."

"ऊब कमी कर."

"काय?"

"यंत्राची ऊब कमी कर. नाहीतर म्हातारं होईपर्यंत बसेल ते तिथे."

कस्तुरीचा अंगठा हातातल्या नियंत्रणाच्या पाटीवर, तापमानाच्या खुणेवर होता. "ताई, दोन-तीन मिनिटं उघडं राहिलं तरी गोठेल ते. तिनं नाही घेतलं तर?"

"तर मी धावत जाऊन उचलीन. वय झालंय माझं, मेले नाही." मग जरा हळू आवाजात, "मलाही माहीत नाही गं. पण ऊब असेपर्यंत ते येणार नाही, एवढं दिसतंय."

कस्तुरीनं खूण खाली ओढली. तीस. बावीस. बारा. घडीखाली हालचाल सुरू झाली. शीळ चढली, आणि ती ऐकवत नव्हती. तिला वाटलं आपण काहीतरी पाप करतोय, कॅमेऱ्यासमोर, सरकारी खर्चानं. चार अंश. पिल्लू घडीतून अर्धं बाहेर पडलं, थरथर कापत, तोंड वर करून. आई पुन्हा त्याच्याकडे वळली होती. तिनं एकदाच हाक दिली, दोन्ही गळ्यांतून. पिल्लानं यंत्राकडे पाहिलं नाही. बर्फावर तोंडघशी पडलं, उठलं, आणि तिच्या पायांवर चढलं.

कस्तुरीनं ऊब पुन्हा वाढवली नाही. सतरावं यंत्र रिकामंच उभं होतं आणि बापाच्या आवाजात अजून ओ देत होतं. तिनं जाऊन ते हातानं बंद केलं.

*

"पेटी बंद कर," ती कौस्तुभला म्हणाली.

"काय म्हणतेस?"

"आईपेटी. बंद कर आणि माळ्यावर टाक."

कौस्तुभनं तिच्याकडे बघितलं. तो शांत माणूस होता, चिडला की आणखी शांत व्हायचा. "तिच्याशिवाय जुई झोपत नाही, कस्तुरी. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. मला सकाळी आठचा तास असतो. आप्पांचं वय बघ. तू तिथे बर्फात बसून सांगतेस बंद कर, आणि रडणं ऐकायचं आम्ही."

यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. तेच तिला लागलं.

"मी जानेवारीत येईन," ती म्हणाली. "दारात उभी राहीन, आणि ती मला बघून पेटीकडे पळेल. ती पेटी मी केलीय. मीच चांगली केलीय, म्हणून. तू सांग, मी काय करू?"

मागून आप्पांच्या कानशीचा आवाज येत होता.

"लांब गेलीस त्याचं कोण काय म्हणत न्हाई," आप्पा कानस न थांबवता म्हणाले. "म्हणू पण देणार न्हाई मी. पर जाताना आपला आवाज घेऊन जायचा असतोय पोरी, न्हाईतर आपलाच ठेवायचा. तू तिसरंच कायतरी ठेवलंस."

कौस्तुभनं सुस्कारा सोडला. "एका अटीवर. तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळी रोज फोनवर यायचं. सर्दी असो, काही असो. आणि ती रडेल ते सगळं तू ऐकायचंस. फोन ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार."

पहिल्या दिवशी जुई पावणेदोन तास रडली. रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची, जमिनीवर हात आपटायची, पुन्हा रडायची. कस्तुरी अंगाई म्हणत होती, आवाज फुटत होता, आणि तिच्या आवाजानं पोरीचं रडणं वाढतच होतं. दुसऱ्या दिवशी दीड तास. तिसऱ्या दिवशी कस्तुरीनं कौस्तुभला म्हटलं, लाव ती पेटी, चुकलं माझं. कौस्तुभ म्हणाला, "आता मी नाही लावणार." चौथ्या दिवशी जुई पडद्याकडे पाठ करून बसली. ऊब काढून घेतल्यावर आई समोर असेलच असं थोडंच आहे? सतराव्याच्या वेळी होती. बाहेर बर्फावर तेवीस पिल्लं आयांकडे गेली होती, आणि अठरा अजून यंत्रांत होती. त्यांच्या आया आल्याच नव्हत्या, बहुधा येणारही नव्हत्या. त्यांची ऊब कमी करायची नाही असं ठरलं होतं.

सहाव्या दिवशी कस्तुरी फोनवर आली तेव्हा जुई आप्पांच्या कामाच्या पाटावर बसली होती. हातात सुताचं रीळ, दोरा सगळ्या अंगाला गुंडाळलेला. आप्पा एका तंबोऱ्याची तार छेडून कानाशी मान नेत होते. रडणं नव्हतं, पण पोरीनं पडद्याकडे बघितलंही नाही.

आज काय म्हणावं ते कस्तुरीला सुचेना. नाव घेऊन झालं होतं, अंगाई झाली होती, लाडीगोडी झाली होती. काही तरी म्हणायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि सवयीनं आधी घसा आला.

"ख्खं."

जुईचा हात थांबला. तिनं मान तिरकी केली. आप्पांनी छेडलेली तार अजून वाजत होती, त्यांनी ती तळव्यानं दाबली आणि तेही थांबले.

ओळख पटली असं म्हणणं खोटं होईल. नऊ महिन्यांच्या बाळाला काय आठवणार. हा आवाज पेटी कधी काढत नव्हती, एवढंच. तो तिला नवा होता आणि गमतीचा होता.

जुई उठली. दोरा ओढत, रीळ घरंगळवत पडद्यापर्यंत आली. फुटक्या ओठांच्या बाईकडे तिनं नीट बघून घेतलं, हनुवटी छातीला लावली, आणि सगळा जोर एकवटून म्हणाली,

"ख्खं."

कस्तुरीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं दोन्ही गिळलं आणि ओ दिली. जुईनं पुन्हा हाक दिली. तिनं पुन्हा ओ दिली. त्या दुपारी मायलेकी याहून जास्त काही बोलल्या नाहीत.